रात्रीची लाईट गेली ती उन्हामुळेच
‘बॅटऱ्या स्वस्त होईपर्यंत सौर वीज म्हणजे ग्रीडला ओझंच’ हे तुमच्या वीज साठवणीवरच्या लेखातलं वाक्य (ग्रीड म्हणजे विजेचं सामाईक जाळं) अजिबात पटलं नाही. विजेची मागणीसुद्धा उन्हाच्या वेळेकडे सरकवता येते की! आमच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या वाहिनीवर, निम्मा आठवडा लाईट फक्त रात्रीची असायची. हातात टॉर्च, गुडघाभर चिखल, सापाची धास्ती, अशात वडील उसाला दारं धरायचे. यंदा फीडर सौर प्रकल्पावर घेतला, तेव्हापासून भरणं दिवसा होतं. दुपारची वीज दुपारीच खपते, संध्याकाळच्या मागणीत आमचे पंप नसतात.

आणि घाटघर कसं विसरलात? २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे तो. जादा विजेवर खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. ही विजेची साठवणच झाली, लेखात त्याचा उल्लेख हवाच होता.