‘नव्या जाती म्हणजे बनवाबनवी’: गोव्यात फिरणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

पावसाळ्यात सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवर, बेडूक ओरडू लागले की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. थोडक्यात तो असा: ‘आजच्या काळात नवे प्राणी सापडतच नाहीत. आजोबांनी पाहिलेलाच बेडूक पकडायचा, दोन दिवसांत त्याला लॅटिन नाव द्यायचे, त्यात ओळखीच्या माणसाचे नाव घालायचे. चार वर्षांनी तेच नाव बदलायचे. त्यासाठी मुके जीव बाटलीत कोंबायचे. सामान्य माणसाला उपयोग शून्य. खरा हेतू एकच, गोव्यातले प्रकल्प अडवणे.’ हा संदेश शिक्षकही पुढे पाठवतात, पंचायतीतले लोकही पाठवतात. म्हणून त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायला हवे.

‘आजोबांनी पाहिलेला बेडूक नवा कसा?’

आजोबांनी तो पाहिला असणारच, आणि कुणाही संशोधकाने ते नाकारलेले नाही. २०१८ मध्ये गोव्याच्या जांभ्या सड्यांवरून ‘फेजरवर्या गोएम्ची’ या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात दावा होता तो एवढाच, की हा बेडूक त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या इतर बेडकांपासून वेगळ्या वंशाचा आहे. त्याचे पुरावेही सोबत मांडले होते. हे मातकट रंगाचे छोटे बेडूक नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात.

देवगांडुळाचेही तसेच. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, माती उकरताना तो अधूनमधून वर येतो आणि बहुतेक वेळा साप समजून मारला जातो. खरे तर तो बेडकांच्या नात्यातला, पाय नसलेला उभयचर. सत्तरी तालुक्यातल्या अशा एका देवगांडुळाला २००७ मध्ये ‘गेगेनिओफिस गोअएन्सिस’ हे नाव मिळाले. तोपर्यंत तो कितीजणांच्या कुदळीसमोर आला असेल, पण आपल्या मातीत देवगांडुळांचे प्रकार किती आणि कुठला कुठे राहतो, हे सांगण्याची सोय नव्हती. गावातल्या जाणकारांनी जागा दाखवली नाही तर असे प्राणी सापडणे अवघड असते. त्यांचे श्रेय निबंधात ठळकपणे यायला हवे, आणि ते नेहमी येत नाही ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे.

बाकी, ‘नवे प्राणी सापडतच नाहीत’ हे विधान आकड्यांसमोर टिकत नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२३ या एका वर्षासाठी देशाच्या प्राणिसंपदेत ६४१ भर नोंदवल्या. त्यांपैकी ४४२ जाती विज्ञानाला पूर्णपणे नव्या होत्या, तर १९९ भारतात प्रथमच नोंदल्या गेल्या.

‘दोन दिवसांचे काम’

नेत्रावळीच्या जंगलातून २०१५ मध्ये वर्णन झालेला ‘इंडिराना साळेलकरी’ घ्या. इंडिराना गटातले बेडूक ओल्या कातळांवर राहतात. त्यांची पिल्लेसुद्धा डबक्यात पोहत नाहीत, पाणी झिरपणाऱ्या दगडाला चिकटून वाढतात. सह्याद्रीभरच्या या बेडकांवर मोजकी जुनी नावे दीर्घकाळ सरसकट लावली जात होती. त्यांतून एक वेगळा काढायचा म्हणजे डोक्याची लांबी-रुंदी, बोटांमधले पडदे, पाठीच्या कातडीवरच्या घड्या हे सगळे अनेक नमुन्यांवर मोजायचे. मग जनुकांचे अनुक्रम जुळवून पाहायचे, आणि पूर्वी नाव मिळालेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी तुलना करायची. काहींचे मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात असतात, काहींची वर्णने शंभर वर्षांपूर्वीची आणि दोन ओळींची असतात. एवढे झाल्यावर लेख अपरिचित परीक्षकांकडे जातो, आणि ते त्यात चुका शोधतात.

प्रत्यक्षात किती काळ लागतो याचा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. नव्या जातीचा पहिला नमुना गोळा झाल्यापासून तिचे वर्णन छापले जाईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात. माणसे कमी आहेत, पैसा कमी आहे, आणि या विषयाकडे वळणारे विद्यार्थी त्याहून कमी आहेत. खरी काळजी याची वाटायला हवी.

‘ओळखीच्या माणसाचे नाव’

हो, इंडिराना साळेलकरी हे नाव वन अधिकारी प्रकाश साळेलकर यांच्या सन्मानार्थ आहे. ज्यांनी जंगल राखले त्यांचे नाव त्या जंगलातल्या बेडकाला मिळाले, यात मला गैर काही दिसत नाही. स्वतःचेच नाव देणे मात्र या क्षेत्रात अशोभनीय मानतात.

‘आज एक नाव, उद्या दुसरे’

हा संदेशातला सर्वांत लोकप्रिय मुद्दा. गोव्याच्या राज्यपक्ष्यावरूनच तो तपासता येतो. लाल गळ्याचा हा पिवळा बुलबुल एकेकाळी स्वतंत्र जात मानला जात नव्हता. श्रीलंकेतला, ईशान्य भारतातला आणि आपला, असे सगळे ‘पिक्नोनोटस मेलॅनिक्टेरस’ या एकाच जातीचे उपप्रकार धरले जात. पण ईशान्येकडच्याला तुरा आहे, आपल्याला नाही. श्रीलंकेतल्याचा गळा पिवळा, आपल्याचा लाल. पुढे या जाती वेगळ्या मानल्या गेल्या आणि आपला बुलबुल आता ‘रुबिगुला गुलारिस’ या नावाने ओळखला जातो. पक्षी होता तसाच आहे. बदल झाला तो एवढाच, की तो सह्याद्रीबाहेर आढळत नाही हे नोंदीत स्पष्ट झाले. एकच मोठी जात असती तर इथले जंगल गेले तरी ‘श्रीलंकेत आहेत की’ म्हणता आले असते.

हरणटोळाचीही हीच कथा. भारतभरच्या हिरव्या हरणटोळाला आपण वर्षानुवर्षे ‘अहेतुल्ला नासुटा’ म्हणत आलो. २०२० मध्ये सापांचे नमुने आणि जनुके एकत्र तपासली गेली, तेव्हा दिसले की नासुटा हे नाव फक्त श्रीलंकेतल्या सापाला लागू पडते. इकडे सखल भागातला मोठा हरणटोळ वेगळा निघाला. त्याला नवे नाव दिले नाही, १८२५ पासून पडून असलेले ‘ऑक्सिऱ्हिंका’ हे नाव परत आले, कारण नियमाप्रमाणे सर्वांत जुन्या वैध नावाचा हक्क पहिला. उत्तर सह्याद्रीच्या रानातला छोटा हरणटोळ मात्र खरोखर अनामिक होता. तो झाला ‘अहेतुल्ला बोरियालिस’.

जातीचे नाव म्हणजे पुराव्यासह मांडलेले विधान असते. नवा पुरावा आला की ते पुन्हा तपासावे लागते, आणि ज्याने मूळ नाव दिले त्याचा मोठेपणा तिथे आड येत नाही. कधी दोन जाती एकच ठरतात आणि नंतरचे नाव बाद होते.

नाव बदलण्याला किंमत असते, हेही सांगितले पाहिजे. पावसाळ्यात गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून चोरून मारला जाणारा मोठा बेडूक पूर्वी ‘राना टायग्रिना’ होता, आता तो ‘हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस’ आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या अनुसूचीत मात्र बेडकांची नोंद ‘राना’ याच प्रजातीनामाने होती. विज्ञान पुढे गेले आणि कायद्याची यादी मागे राहिली की पळवाटेला जागा मिळते. नाव बदलणाऱ्यांनी आणि कायदा लिहिणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायला हवे, ही मागणी रास्त आहे. त्यासाठी चुकीचे नाव चालू ठेवावे, ही मागणी रास्त नाही.

‘मुके जीव बाटलीत’

नाव दिलेला मूळ नमुना म्हणजे त्या जातीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातली जमिनीची अधिकृत नोंद. वाद झाला की सगळ्यांना तिथेच जावे लागते. पुढच्या पिढीत एखाद्याला शंका आली तर तो नमुना काढून पुन्हा मोजता येतो, छायाचित्र मोजता येत नाही. नमुने घेण्यासाठी परवानग्या लागतात आणि ते मोजकेच घेतले जातात. जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या जातीची माहिती आणि तिचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहाकडे सोपवणे बंधनकारक आहे. दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अशाच संग्रहांपैकी एक आहे. एखादी जात फार विरळ असेल तर तिथे हात आखडता घ्यावा, असे माझेही मत आहे. पण सडा फोडून चिरे काढताना किती बेडूक जातात, याबद्दल हा संदेश एक शब्द बोलत नाही.

‘उपयोग शून्य’

ग्रामीण भारतातल्या मलेरियाचा एक मुख्य वाहक ‘अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफॅसिस’. डासाची ही एकच जात नाही. गुणसूत्रे तपासल्यावर कळले की त्यात एकसारख्या दिसणाऱ्या पाच जाती दडलेल्या आहेत, आणि भारताच्या बऱ्याच भागांत त्यांपैकी ‘बी’ ही जात मलेरिया फारसा पसरवतच नाही. कुठल्या गावात कुठली जात आहे हे माहीत नसेल तर फवारणीचा पैसा नको तिथे जातो आणि हवा तिथे पोचत नाही. हे ज्ञान वर्गीकरणातूनच आले.

‘प्रकल्प अडवण्यासाठी’

नव्या जातीचे वर्णन छापले म्हणून कुठलाही प्रकल्प आपोआप थांबत नाही. नाव मिळाल्याबरोबर ती जात कायद्याच्या अनुसूचीत जात नाही. त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. शिवाय क्रमही पाहा: नेत्रावळी अभयारण्य जाहीर झाले १९९९ मध्ये आणि साळेलकरी बेडकाचे वर्णन आले २०१५ मध्ये. संरक्षण आधी आले, बेडूक नंतर.

प्राण्यांची यादी बरोबर असण्याची गरज प्रकल्प हवा असणाऱ्यांनाही तेवढीच आहे. मोपा विमानतळाची पर्यावरण परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली, कारण अर्जात आसपासच्या पर्यावरणाची माहिती पुरेशी उघड केलेली नव्हती. फेरविचार होऊन जादा अटींसह ती स्थगिती उठेपर्यंत जानेवारी २०२० उजाडला.