'डे ला सोल'ला चोर ठरवणाऱ्या मजकुराला उत्तर

'डे ला सोल' या अमेरिकन हिप-हॉप गटाबद्दलचा एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. तो माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिने मला विचारलं, "मावशी, सॅम्पल वापरणारे सगळे चोरच असतात का गं?" ती लॅपटॉपवर ठेके बांधते, जुन्या रेकॉर्डमधले तुकडे घेऊन; या तुकड्यांनाच सॅम्पल म्हणतात. हा मजकूर वाचल्यापासून तिने हातातलं काम बाजूला ठेवलंय. एरवी असल्या गोष्टींना उत्तर देत बसण्याइतका धीर माझ्यात नाही, पण हे सोडून देण्यासारखं नाही.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. यांचा 1989चा पहिला अल्बम म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांची लूट. कोर्टाने त्यांना दोषी ठरवून बंदी घातली, म्हणून त्यांचं संगीत इतकी वर्षं इंटरनेटवर नव्हतं. 1991 मध्ये त्यांनी स्वतःच 'आम्ही मेलो' असं जाहीर केलं आणि त्यानंतर काही केलं नाही. आणि 2023 मध्ये गटातला एक जण वारला, तेव्हा त्या मृत्यूवर पैसे कमवायला जुने अल्बम घाईघाईने बाहेर काढले.

शेवटचा आरोप आधी घेते, कारण तो सगळ्यात हीन आहे आणि खोडायला दोन तारखा पुरतात. डेव्हिड जोलिकोर, म्हणजे ट्रुगॉय, म्हणजे गटातला डेव्ह, 12 फेब्रुवारी 2023 रोजी वारला. वय 54. जुने अल्बम 3 मार्च 2023 रोजी स्ट्रीमिंगवर येणार, ही घोषणा त्याआधीच, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली होती आणि 13 जानेवारीला 'द मॅजिक नंबर' हे गाणं आलंसुद्धा होतं. 3 मार्च ही तारीख कुठून आली? पहिला अल्बम 3 मार्च 1989 रोजी निघाला होता, म्हणून. ज्या दिवसाची या माणसाने इतकी वर्षं वाट पाहिली, तो तीन आठवड्यांवर आलेला असताना तो गेला. त्यावर कुणी 'मृत्यूचा धंदा' असं लिहावं आणि लोकांनी ते डोळे झाकून पुढे पाठवावं, याचा मला मनापासून संताप येतो.

आता 'लूट'. इथे जरा थांबते, कारण भाचीला लागलेला शब्द हाच आहे.

'थ्री फीट हाय अँड रायझिंग' हा तो पहिला अल्बम न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या अमिटीव्हिलमधल्या तीन पोरांनी केला. पॉस्डन्यूस, ट्रुगॉय आणि मेसिओ. शाळेपासूनचे मित्र, वय विशीच्या आसपास. सोबत निर्माता प्रिन्स पॉल, तोही अमिटीव्हिलचाच. त्या काळी बहुतेक हिप-हॉपवाले ठेक्यासाठी फंक गायक जेम्स ब्राऊनच्या रेकॉर्डकडे धावत. या चौघांनी घरातले सगळे कप्पे उपसले. मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमातलं गाणं, भाषा शिकवणारी रेकॉर्ड, 'पार्लमेंट' या फंक बँडच्या गाण्यातलं योडलिंग (आवाज झटक्यात वर-खाली नेत गाणं), काहीही त्यांना चालत होतं.

यातलं एक गाणं नीट ऐका, 'आय नो'. त्यात ओटिस रेडिंगने 'डॉक ऑफ द बे'च्या शेवटी घातलेली शीळ आहे, स्टीली डॅनच्या 'पेग'मधली गायलेली ओळ आहे आणि द मॅड लॅड्सच्या एका जुन्या सोल गाण्यातले ब्रासचे सूर आहेत. ही तीन गाणी वेगवेगळ्या स्वभावाची आहेत आणि तालाची चालही प्रत्येकाची वेगळी. मूळ गाण्यात शीळ अगदी शेवटी येते, गाणं विरत असताना. इथे तीच शीळ खेळकर होते, एका प्रेमगीताची ओळख होऊन बसते. मूळ गाणी तोंडपाठ असलेल्या माणसालाही हे गाणं नवंच वाटतं. तुकडा कुठला घ्यायचा, किती घ्यायचा, कशाला भिडवायचा आणि कुठे थांबायचं, हे ठरवायला कान लागतो. त्याला उचलेगिरी म्हणणाऱ्याने ही चारही गाणी एका बैठकीत ऐकावीत.

आणि माझं मत बाजूला ठेवा. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे त्या देशाचं राष्ट्रीय ग्रंथालय, दरवर्षी 25 ध्वनिमुद्रणं निवडते. सांस्कृतिक, ऐतिहासिक किंवा कलात्मकदृष्ट्या महत्त्वाची म्हणून ती राष्ट्रीय नोंदवहीत जातात आणि कायमची जपली जातात. 2010 सालच्या यादीत 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' आहे. यादी त्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर उघडी आहे, कुणीही बघावी. एखाद्या देशाचं राष्ट्रीय ग्रंथालय चोरीचा माल वारसा म्हणून जपतं, असं मजकूर लिहिणाऱ्याला म्हणायचं असेल तर त्याने ते स्पष्ट लिहावं.

अर्धं खरं इतकंच, आणि ते मान्य करायलाच हवं: एका तुकड्याची परवानगी घेतलेली नव्हती. 'ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स' नावाचं जेमतेम एका मिनिटाचं स्किट, म्हणजे गाण्यांच्या मधला छोटा तुकडा, आहे. 'द टर्टल्स' या बँडच्या 'यू शोड मी'मधला तुकडा संथ करून फिरवलाय आणि त्यावर फ्रेंच शिकवणाऱ्या रेकॉर्डमधला आवाज बोलतो. बस, एवढंच. टर्टल्सच्या दोघांनी दावा लावला, प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, पैसे द्यावे लागले. ज्यांचा आवाज वापरला त्यांना मोबदला मिळायला हवा, यावर माझा वाद नाही. (जाता जाता: 'यू शोड मी' हे गाणं टर्टल्सनी लिहिलेलंही नव्हतं. ते 'द बर्ड्स' या बँडच्या जीन क्लार्क आणि रॉजर मॅग्विनचं. दुसऱ्याच्या गाण्यावर आपलं काही उभं करणं संगीतात किती जुनं आहे, ते यातूनही कळेल.)

पण या एका स्किटवरून अख्खा अल्बम 'लूट' ठरत नाही. प्रिन्स पॉलने अनेकदा सांगितलंय की वापरलेल्या तुकड्यांची यादी त्यांनी टॉमी बॉय या आपल्या रेकॉर्ड कंपनीला दिली होती. कंपनीने त्यातल्या बऱ्याच तुकड्यांची परवानगी घेतलीही. हे किरकोळ स्किट मात्र राहून गेलं. शिवाय साल बघा. सॅम्पलिंगवरचा गाजलेला निकाल आला डिसेंबर 1991 मध्ये, बिझ मार्की या रॅपरविरुद्ध. न्यायाधीश केविन डफी यांनी निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलमधल्या आज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकडा आधी परवानगी घेऊनच वापरायचा, ही शिस्त बसली आणि तुकड्यांचे भावही चढले. 1989 मध्ये ही वाट मळलेली नव्हती. नंतर ठरलेल्या नियमाने आधीच्या माणसाला चोर ठरवणं मला मान्य नाही.

भाचीसाठी एवढंच लिहिते: तुकडा घे, नाव नोंदव, गाणं बाहेर काढायचं झालं की परवानगी माग. काम थांबवू नकोस.

'कोर्टाची बंदी' हा मुद्दा तर निव्वळ बनाव आहे. कोर्टाने कसलीही बंदी घातली नाही. प्रकरण निकालापर्यंत गेलंच नाही, तर बंदी घालणार कोण? मग अल्बम स्ट्रीमिंगवर का नव्हते? कारण तुकड्यांचे जुने करार रेकॉर्ड आणि कॅसेटच्या काळात लिहिलेले होते. डिजिटल विक्रीचा त्यात उल्लेखच नव्हता. प्रत्येक तुकड्याच्या मालकाशी नव्याने बोलणी करायची तर कुणीतरी वेळ आणि पैसा घालायला हवा होता, आणि बरीच वर्षं तो कुणी घातला नाही. मधल्या काळात या अल्बमचे हक्कही एका कंपनीकडून दुसरीकडे जात राहिले.

यात नुकसान कुणाचं झालं? याच तिघांचं. एक अख्खी पिढी फोनवर गाणी ऐकत मोठी झाली आणि तिला हा गट सापडलाच नाही. वैतागून त्यांनी 14 फेब्रुवारी 2014 रोजी आपले जुने अल्बम एका दिवसापुरते चाहत्यांना फुकट उतरवून घेऊ दिले. 2019 मध्ये स्ट्रीमिंगची वेळ आली, तेव्हा गटाने जाहीरपणे सांगितलं की कंपनीच्या प्रस्तावात 90 टक्के कंपनीला आणि 10 टक्के आम्हाला आहेत, आणि ते आम्हाला मान्य नाही. रॅपर जे-झीच्या टायडल या स्ट्रीमिंग सेवेने वाद मिटेपर्यंत ते अल्बम घ्यायला नकार दिला. पुढे जून 2021 मध्ये रिझर्व्हॉयर या कंपनीने सुमारे 10 कोटी डॉलरला टॉमी बॉय विकत घेतली, गटाशी नव्याने करार केला, तुकड्यांच्या परवानग्या पुन्हा मिळवल्या आणि जिथे जमलं नाही तिथे तेवढा भाग नव्याने वाजवून घेतला. मजकुरात ज्याला 'घाईघाई' म्हटलंय, ते हे पावणेदोन वर्षांचं काम.

राहिला 'आम्ही मेलो'चा मुद्दा. 1991च्या अल्बमचं नाव खरोखरच 'डे ला सोल इज डेड' आहे आणि मुखपृष्ठावर डेझीच्या फुलांची कुंडी आडवी पडून फुटलेली आहे. पण मजकूर लिहिणाऱ्याने नावापुढे काही ऐकलेलं दिसत नाही. पहिल्या अल्बमनंतर लोकांनी यांना फुलं वाटत फिरणारे हिप्पी करून टाकलं होतं. ते लेबल त्यांना नको होतं, म्हणून त्यांनी ती प्रतिमा स्वतःच मारली. अल्बमभर एक गोष्ट चालते: पोरांना कचऱ्यात एक कॅसेट सापडते, दांडगी पोरं ती हिसकावून घेतात, ऐकत ऐकत शिव्या घालतात आणि शेवटी परत कचऱ्यात टाकतात. ती कॅसेट म्हणजे हाच अल्बम. आणि याच अल्बमवर 'मिली पुल्ड अ पिस्टल ऑन सँटा' आहे. बाप मुलीवर अत्याचार करतो, बाहेर मात्र त्याला सगळे भला माणूस मानतात, तिचं कुणी ऐकत नाही. शेवटी दुकानात सांताक्लॉज बनून बसलेल्या बापासमोर ती पिस्तूल घेऊन उभी राहते. याच अल्बमवर पॉसने (पॉस म्हणजे पॉस्डन्यूस) स्वतःच्या भावाच्या क्रॅक या कोकेनच्या व्यसनावरही गाणं केलंय. पहिल्या अल्बमवरची हसरी पोरं दोन वर्षांत इथवर आली होती. तो पहिल्याइतका विकला गेला नाही, हे खरं. पण मेलेल्या गटाचं हे काम नव्हे.

आणि 'त्यानंतर काही नाही'? 1993 मध्ये 'बुलून माइंडस्टेट' आला. त्यात जेम्स ब्राऊनच्या बँडमधला सॅक्सोफोनवादक मेसिओ पार्कर स्वतः येऊन वाजवतो, आणि एका अख्ख्या ट्रॅकवर हे तिघे एक शब्दही न बोलता त्याला वाजवू देतात. रॅप गटाने असं करायला स्वतःवर भरवसा लागतो. 1996 मध्ये 'स्टेक्स इज हाय', प्रिन्स पॉलशिवायचा पहिला. त्याच्या शीर्षकगीताचा ठेका जे डिला या निर्मात्याचा, तेव्हा त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. जॅझ पियानोवादक अहमद जमालच्या पियानोतून घेतलेला तो जड, फिरता ठेका आणि त्यावर पॉस आणि डेव्ह आपल्याच क्षेत्रातल्या दिखाऊपणाला नाव न घेता झोडतात. मला विचाराल तर त्यांचा सगळ्यात प्रामाणिक अल्बम हाच, पहिल्यापेक्षाही. खेळण्यांनी भरलेली खोली रिकामी करून ते मोकळ्या जमिनीवर उभे राहिलेत, असं तो ऐकताना वाटतं.

2000 आणि 2001चे 'आर्ट ऑफिशियल इंटेलिजन्स' मालिकेतले दोन अल्बम मला तितके लागू पडत नाहीत, पाहुण्यांची गर्दी जास्त आहे. 2004चा 'द ग्राइंड डेट' मात्र आटोपशीर आणि कसलेला आहे, एमएफ डूम या रॅपरसोबतचं शेवटचं गाणं तर नक्की ऐका. त्यानंतर 2006 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाला, गोरिलाझ या बँडसोबतच्या 'फील गुड इंक.' या गाण्यासाठी.

सॅम्पलच्या आरोपाला या गटाने स्वतः दिलेलं उत्तर 2016च्या 'अँड द अनॉनिमस नोबडी'मध्ये आहे. त्यांनी 2015 मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून निधी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर 1 लाख 10 हजार डॉलर मागितले, 11 हजारांहून जास्त लोकांनी मिळून 6 लाखांच्या वर दिले. त्या पैशातून त्यांनी एका दहा जणांच्या बँडला स्टुडिओत बसवलं आणि दोनशेहून अधिक तासांचं वादन मुद्रित केलं. मग त्या स्वतःच्या मुद्रणातून, जुन्या रेकॉर्डमधून काढावेत तसे, तुकडे काढून गाणी बांधली. आता कुणाची परवानगी नको आणि कुणाचा दावा नको. त्या अल्बमला सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी नामांकन होतं. चोरीवर जगणारी माणसं इतकी मेहनत कशाला घेतील?

नववा अल्बम 'कॅबिन इन द स्काय' नोव्हेंबर 2025 मध्ये निघाला. पॉस आणि मेसिओने तो पुरा केला, डेव्हने आधी मुद्रित केलेल्या ओळी त्यात आहेत आणि काही ठेके डीजे प्रीमियर आणि पीट रॉक या निर्मात्यांचे आहेत. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवलाय, त्यांनी ज्या ज्या ठिकाणी तो टाकलाय तिथे जाऊन निदान 'कोर्टाची बंदी' आणि 'मृत्यूवर पैसे' ही दोन वाक्यं चुकीची असल्याचं लिहावं.