नोकिया झोपलेली नव्हती

पुढच्या वर्षाचं प्लॅनिंग सुरू झालं की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. ऑफिसच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या ग्रुपवर येतो, आणि लिंक्डइनवर तर कुणी ना कुणी तो स्वतःचं चिंतन म्हणून टाकतंच. मजकूर साधारण असा: ‘मायक्रोसॉफ्टने नोकिया विकत घेतली तेव्हा पत्रकार परिषदेत नोकियाचे सीईओ म्हणाले, आम्ही काहीच चुकीचं केलं नाही, तरी कसे कोण जाणे, हरलो. एवढं बोलून ते आणि त्यांची सगळी टीम रडली. कंपनी चांगली होती, पण जग बदललं हे तिला कळलंच नाही. ती बदलली नाही आणि संपली. तुम्ही बदलला नाहीत तर तुमचाही नोकिया होईल.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी.

मी मुंबईत एका मोठ्या टेक कंपनीच्या प्लॅनिंग विभागात आहे. बाजार कुठे चाललाय, सरकारी नियम कुठे वळतायत, स्पर्धक काय करतायत, याचे कागद तयार करणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे या फॉरवर्डचा मला इतरांपेक्षा जरा जास्तच राग येतो. त्यातलं जवळजवळ एकही वाक्य धड नाही. आणि लोकांना घाबरवण्यासाठी जी गोष्ट सांगितली जाते, त्या गोष्टीतला धंदा बुडाला तो बऱ्याच अंशी घाबरण्यामुळेच. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘सीईओ म्हणाले, आम्ही काहीच चुकीचं केलं नाही, आणि रडले.’

त्या पत्रकार परिषदेची तारीख ३ सप्टेंबर २०१३, ठिकाण फिनलंडमधलं एस्पो. त्याच दिवशी स्टीफन ईलॉप सीईओपदावरून बाजूला झाले आणि संचालक मंडळाचे अध्यक्ष रिस्तो सिलास्मा हंगामी सीईओ झाले. ईलॉप २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टमधूनच आले होते, विकलेल्या धंद्याबरोबर पुन्हा तिकडेच चालले होते, आणि जाताना त्यांना सुमारे १ कोटी ८८ लाख युरो मिळणार होते. फिनलंडमध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. रडण्याचा हक्क असलेले लोक दुसरे होते.

बरं, ‘काहीच चुकीचं केलं नाही’ हे वाक्य ईलॉप यांच्या तोंडी घालणं म्हणजे कमालच आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये याच माणसाने सगळ्या कर्मचाऱ्यांना एक लांबलचक मेमो पाठवला होता आणि तो लगेच फुटला. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मला आग लागलीय, वर उभं राहिलं तर जळून मरणार, खाली उडी मारली तर बर्फासारखं पाणी, असा एक माणूस त्यात होता. (मुंबईकराला हे चित्र समजावून सांगायला नको. २७ जुलै २००५ ला बॉम्बे हायचा प्लॅटफॉर्म खरोखरच जळाला होता.) पुढे त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की आपल्या जळत्या प्लॅटफॉर्मवर पेट्रोल आपणच ओतलं. काय काय चुकलं याची यादीच होती ती.

‘मायक्रोसॉफ्टने नोकिया विकत घेतली. नोकिया संपली.’

विकला गेला तो हँडसेटचा धंदा. सौदा ५४४ कोटी युरोंचा, त्यात पेटंट वापरण्याचा परवाना धरून. कंपनी आपल्या जागी राहिली, पेटंटही तिच्याकडेच राहिली. त्याच वर्षी तिने नेटवर्कच्या भागीदारीतला सीमेन्सचा अर्धा हिस्सा विकत घेतला, पुढे अल्काटेल-ल्युसेंट ही नेटवर्क उपकरणांची कंपनी घेतली. २०२२ मध्ये रिलायन्स जिओने ५जी उपकरणांसाठी ज्या कंपन्या निवडल्या त्यात नोकिया आहे. म्हणजे ‘नोकिया संपली’ हा मेसेज बोरिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या पुढे ढकलताना तो नोकियाच्याच यंत्रांतून जात असण्याची शक्यता चांगलीच आहे. उलट विकत घेणाऱ्याचं काय झालं? मायक्रोसॉफ्टने जुलै २०१५ मध्ये या खरेदीपोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले. त्या दिवशी कोण रडलं, यावर फॉरवर्ड निघाल्याचं ऐकिवात नाही.

‘ती बदलली नाही.’

१८६५ साली कागदाचा लगदा करणारी गिरणी. पुढे रबरी बूट, केबल, टीव्ही, कॉम्प्युटर. १९९२ मध्ये योर्मा ओलिला सीईओ झाले आणि बाकीचं विकत विकत कंपनी टेलिकॉमवर आणून ठेवली. इतके धंदे बदललेली दुसरी टेक कंपनी पटकन सांगा बघू.

‘जग बदललं हे तिला कळलंच नाही.’

खरा मुद्दा हा आहे. सगळ्यांना पटतो तोही हाच, आणि सगळ्यात जास्त चुकीचाही हाच.

नोकियाने कीबोर्डवाला कम्युनिकेटर फोन १९९६ मध्ये आणला. तेव्हा आपल्याकडे मोबाइल हीच श्रीमंतांची चैन होती. टचस्क्रीनचा ७७१० फोन २००४ च्या शेवटी जाहीर केला. लिनक्सवर चालणारं छोटं इंटरनेट टॅब्लेट २००५ मध्ये. आयफोन जाहीर झाला जानेवारी २००७ मध्ये, आणि त्याच वर्षी नोकियाने नकाशांची नॅव्हटेक कंपनी ८१० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, कारण फोनमधला नकाशा पुढे सोन्याची खाण होणार हे तिथल्या कुणाला तरी कळलं होतं. झोपलेली कंपनी असं करत नाही. शिवाय आयफोन आला आणि नोकिया दुसऱ्या दिवशी आडवी झाली, असंही घडलं नाही. २०१० मध्ये नोकियाने सुमारे १० कोटी स्मार्टफोन विकले, त्या वर्षीच्या ॲपलच्या दुपटीहून जास्त.

ईलॉप यांचा मेमो पुन्हा काढून वाचा. ॲपल, अँड्रॉइड, आणि खालच्या बाजूने तैवानच्या मीडियाटेकची तयार चिप घेऊन शेन्झेनमध्ये धडाधड फोन काढणारे कारखाने, असे तिन्ही शत्रू त्यात नीट ओळखले आहेत. लढाई यंत्रांची राहिलेली नाही, ॲप, डेव्हलपर, जाहिरात, नकाशे या सगळ्या गोतावळ्याची झाली आहे, हेही लिहिलंय. नोकियाच्याच एका कर्मचाऱ्याची कोपरखळीही त्यात आहे: आपल्याला एक पॉवरपॉइंट घासूनपुसून तयार करायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात चिनी लोक नवा फोन काढतात. व्यवसायाच्या भोवतालचं इतकं नेमकं विश्लेषण आमच्या धंद्यात क्वचित वाचायला मिळतं. डोळे शाबूत होते.

मग अडलं कुठे? क्वाय ह्यूई आणि टिमो वुओरी या दोन अभ्यासकांनी नोकियातले वरिष्ठ, मधले अधिकारी, इंजिनीअर आणि बाहेरचे जाणकार अशा ७६ जणांच्या मुलाखती घेऊन हे शोधलं. त्यांचं म्हणणं असं: वरचे लोक बाजाराला आणि तिमाही आकड्यांना घाबरत होते, मधले लोक वरच्यांना घाबरत होते. वरून ‘लवकर करा’ म्हणून दबाव यायचा. सिम्बियन ही त्यांची फोनची सिस्टिम थकलीय, नवी बनवायला काही वर्षं लागतील, हे इंजिनीअरांना माहीत होतं, पण ‘एवढ्यात होणार नाही’ म्हणणाऱ्याची खैर नव्हती. मग मधले लोक ‘होईल साहेब’ म्हणायचे आणि वरचे त्या ‘होईल’वर पुढच्या तारखा बांधायचे.

हे वाचताना मला फिनलंड आठवत नाही, ऐरोलीचे काचेचे टॉवर आठवतात. आयटीत काम करणाऱ्या कुणालाही ‘वॉटरमेलन प्रोजेक्ट’ विचारा. कलिंगड: वरून हिरवं, आतून लाल. टेस्टिंगच्या टीमने शीटमध्ये लाल रंग भरलेला असतो, शेजारी ‘पेमेंट मॉड्यूल चालत नाही’ असं साधं वाक्य. टीम लीड म्हणतो, लाल नको, उगाच प्रश्न येतील, अंबर (पिवळा) कर. मॅनेजर त्या वाक्याचं ‘काही अडचणी, उपाय सुरू’ करतो. बीकेसीतल्या मोठ्या काचेच्या खोलीत शीट पोचेपर्यंत रंग हिरवा झालेला असतो आणि शेरा रिकामा. खोटं कुणीच बोललेलं नसतं. प्रत्येकाने फक्त एक छटा उतरवलेली असते. नंतर आमच्यासारखे लोक त्याच हिरव्या रकान्यांवर तीन वर्षांचा आराखडा बेततात, आणि गडबड झाली की ‘बाहेरची परिस्थिती बदलली’ म्हणून मोकळे होतात.

बाहेरची परिस्थिती कळण्यासाठी दर वेळी सल्लागार लागतात असंही नाही. दोन सिमचंच घ्या. मुंबई हे टेलिकॉमचं एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र-गोवा दुसरं. त्या काळात लालबागचा माणूस गणपतीला कणकवलीला गेला की रोमिंग सुरू व्हायचं. म्हणून मुंबईचं एक कार्ड, गावचं एक कार्ड, आणि ‘रात्री कॉल फुकट’च्या स्कीमचं आणखी एखादं. लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा मनीष मार्केटमधल्या कुठल्याही दुकानदाराने हे चहा पिता पिता सांगितलं असतं. मायक्रोमॅक्स, कार्बन वगैरेंनी ते ऐकलं आणि दोन सिमचे स्वस्त फोन बाजारात ओतले. नोकियाने दोन सिमचा फोन जाहीर केला २०१० च्या मध्यावर, तोही एका वेळी एकच सिम चालवणारा. दोन्ही सिम जागी ठेवणारे फोन आले २०११ मध्ये. आणि हीच कंपनी, जिने काही वर्षांपूर्वी धूळ जाऊ नये असा कीपॅड आणि वर टॉर्च देऊन ११०० सारखा फोन काढला होता! २५ कोटींवर खपला तो. म्हणजे आपला माणूस तिला कळत नव्हता असंही नाही. भारतात तिला आयफोनने मारलं म्हणणाऱ्यांनी २०१० साली आपल्या ओळखीत किती आयफोन होते ते आठवून बघावं.

आणखी एक, आणि हा दोष माझ्या मते सगळ्यात मोठा. दिसलं, कळलं, तरी निर्णय कधी आणि कसा जाहीर करायचा याचं गणित पुन्हा वेगळं असतं. ११ फेब्रुवारी २०११ ला ईलॉप यांनी लंडनमध्ये सांगितलं की पुढचे स्मार्टफोन विंडोज फोनवर. सिम्बियनचा शेवट त्यांनी जाहीर करून टाकला, आणि दुकानांत तेव्हा विकायला होते सिम्बियनचेच फोन. नोकियाचा पहिला विंडोज फोन, ल्युमिया, यायला नोव्हेंबर उजाडला. मधले महिने दुकानदाराने गिऱ्हाइकाला काय सांगायचं? १० कोटींवरचा खप २०१२ मध्ये साडेतीन कोटींवर आला. बदलली नाही म्हणून बुडाली म्हणता, पण हे तर बदलतानाच झालं.

‘तुमचाही नोकिया होईल.’

हे वाक्य वरून खाली येतं, खालून वर कधी जात नाही. कोर्स करा, एआय शिका, नाहीतर नोकिया. शिकायला हरकत नाही, मीही शिकतोय. पण या वाक्याने जबाबदारी किती सफाईने सरकते बघा. निर्णय घेतला वरच्या मजल्यावर, आणि ‘बदलला नाहीत’ ऐकायचं खालच्यांनी. शिवाय घाबरलेला माणूस शीटमधला लाल रंग आणखी लवकर पुसतो, हे नोकियानेच दाखवलंय. हा फॉरवर्ड टाकणारे साहेब नकळत तोच रोग वाटत असतात.

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा मोठा कारखाना होता, २००६ पासूनचा. हजारो तरुण मुलंमुली तिथे फोन जोडायची. ती काय शिकली नाहीत? हँडसेटचा धंदा विकला गेला तेव्हा भारतातल्या करवादात हा कारखाना अडकलेला होता, म्हणून तो मायक्रोसॉफ्टकडे गेलाच नाही. काही काळ मायक्रोसॉफ्टसाठी कंत्राटावर फोन बनवत राहिला, मग मायक्रोसॉफ्टने ते कंत्राट थांबवलं आणि १ नोव्हेंबर २०१४ ला काम बंद झालं. नोकियाचं एस्पो, मायक्रोसॉफ्टचं रेडमंड आणि दिल्ली, तिन्ही ठिकाणचे निर्णय, आणि एकाही ठिकाणी त्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं. नंतर ती जागा साल्कॉम्पने घेतली. मोबाइलचे चार्जर बनवणारी कंपनी, तीही मूळची फिनलंडचीच.