कुलूप तोडू नका, तक्रारीची वाट सुधारा

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला माझी भाची मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आली, मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "मामा, आईला काही सांगू नका." कुणीतरी अनोळखी क्रमांकावरून तिचा चेहरा दुसऱ्याच शरीराला जोडलेली छायाचित्रे पाठवून पैसे मागत होता. भीतीने आणि लाजेने तिने ती सगळी पुसून टाकली होती. तीन दिवसांनी दुसऱ्या क्रमांकावरून तीच छायाचित्रे पुन्हा आली, तेव्हा मात्र आम्ही काहीही पुसले नाही.

संतापाच्या भरात मलाही वाटले, की संदेशसेवा चालवणाऱ्या कंपनीने प्रत्येक संदेश तपासलाच पाहिजे. पण व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो, आणि हेच कुलूप माझ्या भाचीची खरी छायाचित्रे, तिचे डॉक्टरांशी झालेले बोलणेही सांभाळते. ते एकट्या गुन्हेगारापुरते तोडता येत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याचे बंधन घातले आणि व्हॉट्सअ‍ॅपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, त्याच्या मुळाशी हाच पेच आहे: कोणता संदेश उद्या गुन्ह्याचा ठरेल हे आधी ठाऊक नसल्यामुळे प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशाचा माग ठेवावा लागतो. अ‍ॅपलनेही २०२१ मध्ये बालशोषणाची छायाचित्रे फोनवरच ओळखण्याची योजना जाहीर केली होती. हेतू चांगला होता. पण तीच यंत्रणा उद्या दुसरे काहीही शोधायला लावता येईल, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला आणि २०२२ च्या अखेरीस कंपनीने ती सोडून दिली.

माझ्या मते वाट दुसरीकडे आहे. ज्याला छळाचा संदेश येतो, त्याच्या हातात तो उघडाच असतो. त्याने 'रिपोर्ट' केले, की त्या क्रमांकावरून आलेले शेवटचे पाच संदेश व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात, आणि त्यासाठी इतर कुणाचेही कुलूप उघडावे लागत नाही. संदेशावर अशी मोहोर ठेवण्याचे तंत्रही आहे, की कंपनीला मजकूर न वाचता, तक्रार आल्यावर तो खरोखर त्याच खात्यावरून आला होता याची खातरजमा करता येते. फेसबुकने मेसेंजरमधल्या गुप्त संभाषणांसाठी ते वापरले आहे. सरकारने कंपन्यांना सक्ती करायचीच असेल, तर ती याची करावी.

आमचे घोडे अडले ते कुलपापाशी नव्हे, तक्रारीच्या टेबलापाशी. पोलीस ठाण्यात भाचीचा मोबाईल चौघांच्या हातांतून फिरला आणि ती खाली मान घालून, ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले; तो हक्क तक्रार घेऊन आलेल्या मुलीलाही आहे. अशा तक्रारींसाठी वेगळी खोली असावी, पुरावा एकाच प्रशिक्षित महिला अधिकाऱ्याने घ्यावा आणि तो कुणी कुणी पाहिला याची लेखी नोंद राहावी, असा अर्ज मी या आठवड्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांना देणार आहे. ज्यांना त्यावर सही करायची असेल, त्यांनी मला कळवावे.