पर्यावरणवाल्यांना कसं कटवावं?

गेल्या रविवारी बागेच्या फाटकाशी आम्ही चौघंजण सह्या गोळा करत उभे होतो. मागण्या दोनच: हवामानबदलासाठी देशात स्वतंत्र कायदा करा, आणि पश्चिम घाटातला संवेदनशील भाग ठरवणारी अंतिम अधिसूचना एकदाची काढा. एका गृहस्थांनी हसून पत्रक घेतलं, त्यावर हातातल्या भज्यांचं तेल टिपलं, "छान काम करताय, चालू ठेवा" म्हणाले आणि कागदाचा बोळा कचऱ्याच्या डब्याशेजारी टाकून निघून गेले. इतका सफाईदारपणा सगळ्यांना जमत नाही. पुष्कळजण उगाच ओशाळतात, "येताना करतो हं" म्हणतात आणि मग मागच्या फाटकाने पळतात. अशा भिडस्त मंडळींसाठी या सूचना.

समोरच्याच्या हातात मोबाईल दिसला की काम फत्ते. "मोबाईल वापरता ना? मग?" एवढंच म्हणून पुढे चालू लागा.

"आधी चीनला सांगा." यावर अजून कोणाला उत्तर सुचलेलं नाही.

"तुम्हाला पैसे कोण पुरवतं?" हे जरा मोठ्याने विचारा, भेळवाल्यालाही ऐकू जायला हवं. पत्रकं वर्गणी काढून छापली आणि झेरॉक्सवाल्याची उधारी अजून बाकी आहे, हे ऐकायला मात्र थांबू नका.

"सरकार करतंय की! २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे हवेत सोडू तेवढा कार्बन परत शोषून घेऊ, हे ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ सालीच जाहीर केलंय." हे मला ज्या काकांनी सुनावलं ते पंचाहत्तरीचे असतील. निकालाची त्यांना घाई नाही.

पाच जूनला, पर्यावरणदिनी, एका रोपाला सात जणांनी हात लावून फोटो काढा. मागच्या वर्षीचाच खड्डा वापरलात तर खणायचे कष्टही वाचतात.

"कोर्टात जा ना मग!" असं म्हटलं की आपण कायद्याचे जाणकार दिसतो. कोर्टात जाऊन झालंय हो. माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला सांगितलं, की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधला हक्क आहे. यासाठी देशात एकछत्री कायदा नाही, हेही त्याच निकालात आहे. कायदा संसद करते आणि संसदेत बसणाऱ्यांना कागदावरच्या सह्या मोजता येतात. म्हणून तर फाटकाशी उभे होतो ना!

असो. सर्वांत सभ्य सल्ला म्हणजे, "रीतसर हरकती-सूचना पाठवा." यात कोणाचं मन दुखावत नाही. रीत कशी असते तेही सांगून ठेवते. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला. केंद्राचं पर्यावरण मंत्रालय तो दाबून बसलं. माहिती अधिकाराचा अर्ज, माहिती आयोग, दिल्ली उच्च न्यायालय एवढं सगळं झाल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. वाचल्यावर फार कडक वाटला, म्हणून कस्तुरीरंगन समिती नेमली. तिने घाटाचा साधारण ३७ टक्के भाग संवेदनशील धरला, तोही राज्यांना जास्तच वाटला. मार्च २०१४ मध्ये पहिला मसुदा निघाला. साठ दिवसांत हरकती पाठवा. पाठवल्या. मसुद्याची मुदत संपली. नवा मसुदा, नव्या हरकती, म्हणजे जुनीच फाईल काढून तारीख बदलायची. इकडे राज्यांची मागणी एकच, आमची एवढी गावं वगळा. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. २०२१ मध्ये तळिये. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी: सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत, शेवटी शोध थांबवला. ती वाडी म्हणे दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती! ३० जुलै २०२४ ला, माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, वायनाड. आणि दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, सरकारने काय काढलं? मसुदा. सहावा! साठ दिवसांत हरकती पाठवा!

अधिसूचना असती तर एकही दरड कोसळली नसती, असं मी म्हणत नाही. दरडीला पाऊस लागतो, उतार लागतो. पण डोंगर कुठे पोखरायचा नाही एवढं कागदावर लिहायला दहा वर्षं आणि सहा मसुदे?

घाटात सेकंड होमचा प्लॉट घेतला असेल तर सही करूच नका.

आता उपरोध पुरे. सही न करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. घाटातल्या शेतकऱ्याला या अधिसूचनेची भीती वाटते, तो भांडतो, आणि त्याच्याशी तासभर बोलायला मला आवडतं, कारण त्याची जमीन पणाला लागलेली असते. तुमचं काय पणाला लागलंय? दोन ओळींचा मजकूर वाचायचा कंटाळा येतो तुम्हाला, बाकी काही नाही. पावसाळ्यात टीव्हीवर चिखलातली घरं बघून "अरेरे, सरकार झोपलंय का" म्हणता आणि जेवायला बसता. मतं मागायला येतात तेव्हा पार्किंगचं विचारता, पाण्याच्या टाकीचं विचारता. विचारायलाच हवं ते. घाटाच्या मसुद्याचं काय झालं, हे एकदा तरी विचारलंत? तुमचा खासदार कोण हे तरी माहीत आहे का? आधी ते शोधा, त्याला पत्र टाका. चीनचं नंतर बघू.