कोलॅजेन प्यायलं म्हणून त्वचेत जात नाही

सध्या फिरणाऱ्या संदेशाचा सारांश असा: त्वचा कोलॅजेनची असते, वयानुसार ते घटतं, म्हणून रोज चमचाभर कोलॅजेन पावडर घ्या, ते थेट त्वचेत जाऊन बसतं. शिवाय हे ‘संपूर्ण प्रथिन’ आहे, क्रीममधूनही मुरतं आणि शाकाहाऱ्यांसाठी वनस्पतींपासूनचं कोलॅजेनही मिळतं. पहिल्या दोन गोष्टी ढोबळमानाने बरोबर आहेत. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी २५ ते ३० टक्के कोलॅजेनच असतं. गडबड ‘म्हणून’पासून सुरू होते.

‘थेट त्वचेत जातं.’ प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. जठरातलं पेप्सिन आणि पुढे स्वादुपिंडाची एन्झाइम्स ती तोडतात. रक्तात शिरतात ती मुख्यतः सुटी अमिनो आम्लं आणि दोन-तीन आम्लांचे काही तुकडे. रक्तात आलेलं ग्लायसीन हे अमिनो आम्ल कुठल्या प्रथिनातून सुटलं याची नोंद कुठेच नसते. त्यापासून स्नायूतलं प्रथिन बनेल, हिमोग्लोबिनमधलं हीम बनेल, नाहीतर ते ऊर्जेसाठी जळून जाईल. खाल्लेलं प्रथिन आपापल्या जागी जाऊन बसत असतं, तर नखं कुरतडणाऱ्यांची नखं सगळ्यांत टणक असती.

यावर विक्रेत्यांचं उत्तर तयार असतं: प्रोलीन-हायड्रॉक्सिप्रोलीनसारखे (या दोन अमिनो आम्लांच्या जोडीसारखे) तुकडे न तुटता रक्तात पोचतात. हे खरं आहे, मोजलं गेलेलं आहे. पण नेमकं हायड्रॉक्सिप्रोलीनच इथे आडवं येतं. जनुकांच्या लिपीत या आम्लासाठी संकेतच नाही. पेशी साखळीत साधं प्रोलीन ओवते आणि मग एक एन्झाइम त्यातल्या काहींना ऑक्सिजन जोडून त्यांचं हायड्रॉक्सिप्रोलीन करतं. त्या एन्झाइमला लोह आणि जीवनसत्त्व क लागतं. बाहेरून आलेलं तयार हायड्रॉक्सिप्रोलीन साखळीत ओवायची सोयच नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ मार्जोरी स्टेटन यांनी १९४९ मध्ये नायट्रोजनच्या जड समस्थानिकाची खूण असलेलं हायड्रॉक्सिप्रोलीन उंदरांना दिलं, तेव्हा ती खूण कोलॅजेनमधल्या हायड्रॉक्सिप्रोलीनमध्ये जवळपास उतरलीच नाही. त्याआधी साधं प्रोलीन दिलं तेव्हा मात्र उतरली होती. म्हणजे ज्या आम्लामुळे कोलॅजेन ओळखू येतं, तेच कच्चा माल म्हणून निरुपयोगी!

हे तुकडे पेशींना ‘आणखी कोलॅजेन बनवा’ असा इशारा देत असतील, हा वेगळा दावा झाला. काही चाचण्यांत त्वचेचा ओलावा थोडा वाढलेला दिसतो, पण त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांना पैसा कंपन्यांचाच आहे. माझ्या मते तरी प्रश्न खुला आहे. ‘जाऊन बसतं’ हे मात्र चूकच.

‘संपूर्ण प्रथिन.’ म्हणजे ज्यात आहारातूनच मिळवावी लागणारी सगळी अमिनो आम्लं आहेत असं. अजिबात नाही. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसतंच. उलट दर तिसरं आम्ल ग्लायसीन. तीन साखळ्यांच्या पिळाच्या आत इतकी कमी जागा असते की तिथे सर्वांत लहान आम्लच मावतं. ही तिपेडी रचना १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. दोर म्हणून ती अव्वल आहे, आहार म्हणून लंगडी.

‘क्रीममधून मुरतं.’ कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक). त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचेच रेणू बऱ्यापैकी आत जातात. क्रीम वरच्या थरात ओलावा धरून ठेवतं, इतकंच.

‘वनस्पतींपासूनचं कोलॅजेन.’ वनस्पती कोलॅजेन बनवतच नाहीत. (त्यांच्या पेशीभित्तिकेतल्या एक्स्टेन्सिनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलीन भरपूर असतं, पण ते प्रथिन वेगळं.) अशा डब्यांत बहुधा जीवनसत्त्व क आणि सुटी अमिनो आम्लं असतात. जीवनसत्त्व क खरोखर लागतं: ते नसेल तर कोलॅजेनचा पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उघडतात. तोच स्कर्व्ही. पण ही अवस्था मोठ्या कमतरतेतली. गरज भागल्यावर वरचं बरंचसं जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जातं.