आईनं भारतरत्न पाहिलं

आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो कागद पुन्हा आला. "संत गाडगेबाबांना भारतरत्न मिळालंच पाहिजे." खाली नाव, गाव, सही असे रकाने. दरवर्षी 23 फेब्रुवारीच्या, बाबांच्या जयंतीच्या, आगेमागे येतो. तुकडोजी महाराजांसाठी वेगळा येतो, भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांसाठी वेगळा. आजवर सगळ्यांवर मी डोळे झाकून सही केली. या वर्षी हात थांबला. काऊन थांबला ते जरा सविस्तर लिहितो, नाहीतर उद्या पारावर कोणी भलतंच बोलायचं.

दिवाळीच्या सुट्यांत आईला पुण्याला नेलं होतं. पोरगा तिकडं नोकरीला, त्याची खोली पाहायची हे निमित्त. आईचं खरं काम वेगळं होतं. बाबासाहेबांना मिळालेलं भारतरत्न पुण्याच्या एका म्युझियममध्ये ठेवलंय, हे तिला कोणीतरी विहारात सांगितलं होतं. तेव्हापासून एकच धोशा. आईचं वय 77. गाव ते अकोला एसटी, पंच्याहत्तरीच्या पुढं तिकीट शून्य. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं की आई ते असं काढते जसं फौजदारानं ओळखपत्र दाखवावं. अकोल्यावरून महाराष्ट्र एक्स्प्रेस. भुसावळ, मनमाड, नगर, दौंड असा वळसा घेत ती गाडी माणसाला पुण्यात नेऊन टाकते. सोबत भाकरी, ठेचा अन् पाण्याची कॅन. गाडीतला चहा आईला चालत नाही, "पाणचट हाय बाप्पा" म्हणून.

रस्ताभर आई 1956 सालच्या नागपूरबद्दल बोलत होती. तेव्हा ती आठ वर्षांची. मूर्तिजापूरपर्यंत बैलगाडी, तिथून रेल्वे. 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर आजोबांच्या खांद्यावर बसून तिला बाबासाहेब दिसले की नाही, हे तिलाही नक्की सांगता येत नाही. "पांढरं पांढरं दिसे सारं," एवढंच. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकतो, पण तिनं कधी त्यात भर घातली नाही. माझ्यासारख्या मास्तरानं एव्हाना बाबासाहेबांनी डोक्यावरून हात फिरवल्याचं सांगितलं असतं.

पुण्यात घोळ माझाच झाला. ते म्युझियम सिम्बायोसिस या शिक्षणसंस्थेचं. रिक्षावाल्याला फक्त "सिम्बायोसिस" म्हटलं. पुण्यात त्या नावाचे पत्ते एकापेक्षा जास्त आहेत, हे मला कुठं माहीत! तो निघाला विमाननगरला. अर्ध्या रस्त्यात पोराचा फोन आला, "बाबा, सेनापती बापट रोड सांगा." रिक्षा वळली, मीटर मात्र काही मागं वळलं नाही.

आता म्युझियमचं. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथं आहेत. कपडे, भांडी, व्हायोलिन, दिल्लीत ज्या पलंगावर त्यांनी शेवटचा श्वास घेतला तो पलंग. माईंनी, म्हणजे बाबासाहेबांच्या पत्नी सविताताईंनी, हे सारं जपून संस्थेच्या हवाली केलं. 14 एप्रिल 1990 ला राष्ट्रपतींच्या हातून बाबासाहेबांचं भारतरत्न त्यांनीच घेतलं होतं. महापरिनिर्वाणानंतर 34 वर्षांनी. मी मनात हेच धरून गेलो होतो की पाहण्यासारखं काय आहे त्यात? घटना लिहिणाऱ्याला घटनेनं चालणाऱ्या सरकारनं चौतीस वर्षांनी दिलेला धातूचा तुकडा! त्यातही त्याच घटनेचं 18 वं कलम सांगतं की सैन्याचे अन् विद्येचे मान सोडून सरकारनं कोणाला किताब देऊ नये. भारतरत्न, पद्म हे किताब नाहीत, नावाच्या मागंपुढं लावायचे नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं 1995 मध्ये सांगितलं, तेव्हा कुठं तो वाद मिटला. (आमच्याकडच्या बॅनरवाल्यांपर्यंत तो निकाल अजून पोचला नसावा.)

आई काचेपाशी गेली. चष्मा पुसला. म्हणाली, "एवढंसंच हाय का रे?"

एवढंसंच असतं ते. लांबी 5.8 सेंटिमीटर, रुंदी 4.7. कलकत्त्याच्या टांकसाळीत घडतं. ब्राँझचं, मधोमध सूर्य, खाली देवनागरीत "भारतरत्न". मागच्या बाजूला राजमुद्रा अन् सत्यमेव जयते. सोबत पैसा नाही, जमीन नाही. मी आईला हे सांगत होतो, मास्तरकी अंगात भिनलेली. तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ती एकदम म्हणाली,

"हे तं पिंपयाचं पान होय!"

खरंच की. भारतरत्न पिंपळाच्या पानाच्या आकाराचं असतं, हे मी वर्गात किती वेळा शिकवलं असेन. स्पर्धा परीक्षेचा प्रश्न आहे तो, एका मार्काचा. पण आईनं ते वाचलं नव्हतं, पाहिलं होतं. तिच्यासाठी पिंपळ म्हणजे बोधिवृक्ष. आमच्या विहारापुढच्या पिंपळाला ती रोज सकाळी पाणी घालते. हा आकार ठरला 1954-55 च्या सुमारास, धम्मदीक्षेच्या आधी. आकार ठरवणाऱ्याच्या डोक्यात बाबासाहेब असण्याचं काही कारणच नाही. तरी ते पान बाबासाहेबांच्या वस्तूंमध्ये येऊन बसलं अन् आईला ते तिथलंच वाटलं. तिनं हात जोडले. मी घरून तयार करून आणलेलं 18 व्या कलमाचं भाषण तिथंच गिळलं.

तर माझं मत बदललं, पण अर्धंच.

बाबासाहेबांच्या भारतरत्नाला आता मी तुकडा म्हणणार नाही. 1990 सालात सरकारनं उशिरा का होईना ते मान्य केलं, अन् आमच्या वस्तीत त्या दिवशी काय झालं ते मला आठवतं. गाडगेबाबांची गोष्ट वेगळी आहे. एक तर भारतरत्नासाठी अर्ज लागतच नाही. पंतप्रधान थेट राष्ट्रपतींकडं शिफारस करतात. आपल्या सह्यांच्या कागदाला त्या सगळ्यात रकानाच नाही. अन् दुसरं म्हणजे मागून घेतलेला मान कसा असतो ते मला चांगलं ठाऊक आहे. मला तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार आहे. त्यासाठी मी स्वतःच स्वतःचा प्रस्ताव तयार केला होता, फोटोंसकट, तीन प्रतींत. "माझ्या ठायी असलेली नम्रता" असा एक मुद्दाही लिहिला होता. ते स्मृतिचिन्ह टीव्हीच्या वर आहे, पाहुणा आला की मुलं ते दाखवतात अन् मी आत चहा सांगायला जातो.

गाडगेबाबांना तसं रांगेत उभं करायचं? ज्यानं पंढरपूरची धर्मशाळा बांधून बाबासाहेबांच्या संस्थेच्या हवाली केली अन् स्वतः तिथं हक्क ठेवला नाही, त्याच्या नावानं आपण दिल्लीला सह्या पाठवायच्या? एवढं प्रेम आहे तर ग्रामपंचायतीतलं काचेचं कपाट उघडा. आपल्यालाही गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचं बक्षीस आहे, ढाल आहे, फोटो आहे. तपासायला येणाऱ्या समितीसाठी बांधलेले संडास कुठं आहेत? निम्म्यात कपाशीच्या पराट्या रचल्या आहेत, एकात कुटार, म्हणजे भुसा. आमच्याही होत्या, लपवत नाही. मागच्या महिन्यात काढल्या. कपाटाची चावी माजी सरपंचांकडं आहे म्हणतात, ढालीवरची धूळ पुसायची तरी त्यांची वाट पाहावी लागते.

हे सारं मी परवा ओसरीवर त्या कागदवाल्या पोराला सांगितलं. पोरगं चांगलं आहे, खटपटी आहे. त्यानं ऐकून घेतलं. आई शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "झालं तुयं? इकडं आण रे बाबू तो कागद."

मी सही केली नाही. आईनं केली. साक्षरता वर्गात शिकलेली, एकेक अक्षर दाबून. शेजारच्या रकान्यात अर्धं नाव गेलं तिचं.